बोरूपासून कळफलकापर्यंत: सिंधुदुर्गातील दप्तरलेखन

सावंतवाडी संस्थानात आणि ब्रिटिश अमलाखालच्या मालवण-वेंगुर्ल्यात दप्तर लिहिले जाई ते बोरूने आणि मोडीत. हात न उचलता भरभर लिहिण्यासाठी मोडी सोयीची. तिच्यात इकार-उकारांचे ऱ्हस्व-दीर्घ सहसा वेगळे दाखवत नसत. विसाव्या शतकाच्या मध्याला मोडी कचेऱ्यांतून मागे पडली आणि देवनागरी टंकयंत्राला वाट मोकळी झाली.

गोदरेजने 1955 मध्ये पहिले भारतीय बनावटीचे टंकयंत्र तयार केले. 1964 च्या राजभाषा अधिनियमानंतर सरकारी कामकाजात मराठीचा वापर वाढत गेला. 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. नव्या जिल्ह्यातही लिपिकाच्या जागेसाठी मराठी टंकलेखनाची मिनिटाला 30 शब्दांची परीक्षा आवश्यक असल्याने टंकलेखन वर्ग म्हणजे तरुणांसाठी नोकरीचा उंबरठाच होता.

टंकयंत्राला अक्षराचा उच्चार ठाऊक नव्हता, आकार तेवढा ठाऊक होता. टंकयंत्राच्या रेमिंग्टन कळमांडणीत ‘ण’ उमटायचा तो अर्धा ण आणि काना जोडून. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी दाबावी लागे, कारण कागदावर ती आधी येते. अनुस्वार किंवा उकार उमटवताना गाडा पुढे सरकत नसे. एकदा बोटांना वळण लागले की ते सुटत नाही. संगणक आल्यावरही जुने टंकलेखक रेमिंग्टनच मागत, ते यामुळेच.

1988 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम केले. संगणकावरच्या इनस्क्रिप्ट कळफलकाची मांडणी वर्णमालेवर बेतलेली आहे: डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. ‘मालवण’ लिहायचे तर सी, ई, एन, बी आणि शेवटी शिफ्टसह सी एवढ्या कळा पुरतात. वेलांटी येथे उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर येते. ‘किनाऱ्यावर’ या शब्दातला रफार नसलेला, वळणदार अर्धा र हा मात्र मराठीचा खास हट्ट. तो नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त जोडून मिळतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या खोल जागा, हा फरक किनारा आणि सह्याद्री दोन्ही असलेल्या जिल्ह्यात क्षुल्लक नाही.

खरी कसोटी लागली सातबारा संगणकात घेताना. कोकणात एकेका गटाला वारसांची लांबलचक यादी असते, शिवाय पोटहिस्से. हस्तलिखितातली नावे वाचून कळफलकावर उतरवताना एक वेलांटी चुकली तरी पुढे दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. माऊस आणि पडद्यावरच्या तयार याद्यांनी गावे, तालुके निवडणे सोपे झाले. माणसांची नावे मात्र टंकावीच लागतात.

2021 पासून ई-पीक पाहणीत सातबाऱ्यावरची पीकनोंदणी शेतकऱ्याच्या मोबाइलवर आली. त्यात कॅमेरा आणि स्थाननिश्चिती हीसुद्धा माहिती भरण्याची साधनेच ठरतात: आंबा किंवा काजूच्या बागेत उभे राहून फोटो काढला की पिकाची नोंद होते. बोलून लिहिण्याची सोयही गूगलने 2017 मध्ये मराठीत आणली. ती प्रमाण मराठीवर बेतलेली आहे; मालवणी माणसाला ‘खंय’ असे लिहायचे असेल तर कळा दाबणेच भरवशाचे.