घसारा आणि फियाट

जुनी मोटार बाळगणाऱ्या माणसाला दोन गोष्टी नसाव्या लागतात. एक घाई आणि दुसरी हिशेबाची सवय. आमचे भाऊजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, पहिल्या बाबतीत निर्दोष आहेत. दुसरी बाब त्यांनी माझ्यावर सोपवली आहे. मी बँकेत कारकून आणि त्यातून बी. कॉम. त्यामुळे नात्यातला कुणाचाही जमाखर्च शेवटी माझ्याच पुढ्यात येतो.

तळेगावजवळ वराळ्याला भाऊजींचं घर आहे. तिथे जुन्या गोठ्यात १९६८ सालची फियाट ११०० उभी असते. म्हशी गेल्या, दावणी तेवढ्या राहिल्या. कॉलेजात आम्हाला घसारा शिकवला होता. घटत्या शिल्लक पद्धतीत वस्तूची किंमत दरसाल कमी होत जाते, पण शून्य कधीच होत नाही. शेकडा १५ दराने दहा हजारांची वस्तू छप्पन वर्षांनी एक रुपया बारा पैशांना पुस्तकात उरते. मी हे मांडून दाखवलं, तेव्हा भाऊजी गाडीकडे बघून म्हणाले, "बारा पैसे कसले रे?" मी म्हटलं, "भाऊजी, हॉर्नचे असतील."

या गाडीचं मूळ शोधायला गेलं, की माणूस सोलापूरच्या वालचंद हिराचंदांपाशी पोचतो. जहाजं, विमानं आणि मोटारी या तिन्हींत हात घालणारा हा मराठी मुलखातला गृहस्थ. बोरघाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांची कामं १९२० च्या दशकात ज्यांनी अंगावर घेतली, त्यांत तेही होते. पुढे १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली मोटार बाहेर पडली. ती क्रायस्लरची, अमेरिकन घराण्यातली. इटालियन फियाट ११०० इथे जुळू लागली १९५४ साली. वालचंद त्याच्या आदल्या वर्षीच गेले. ज्या डोंगराच्या पोटातून त्यांनी वाट काढली, त्याच डोंगराच्या पाठीवरून त्यांच्या कारखान्याची फियाट धापा टाकत चढताना त्यांना बघायला मिळाली नाही.

धापा टाकत हे मी प्रेमाने म्हणतो आहे. इंजिन १०८९ सीसीचं, गियरचा दांडा स्टिअरिंगला आणि पुढे अखंड सीट. त्या सीटवर कायद्याने किती बसावेत ते असो, लग्नसराईत तिघं आणि मांडीवर एक असा हिशेब असे. खोपोलीहून चढताना उन्हाळ्यात पेट्रोल पंपापर्यंत पोचायच्या आतच नळीत त्याची वाफ होई आणि गाडी खोकून थांबे. मग इंजिनावरच्या त्या छोट्या पंपाला ओलं फडकं गुंडाळायचं आणि निवेपर्यंत दरी बघायची. खंडाळ्याच्या निसर्गसौंदर्याची मराठी माणसाला जी एवढी माहिती आहे, ती बरीचशी या फडक्यामुळे आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. द्रुतगती मार्गाने ती संधी काढून घेतली.

भाऊजींच्या वडिलांनी ही गाडी नोंदवली तेव्हा भाऊजी पाटीवर अक्षरं गिरवत होते. आली तेव्हा ते वर्गात निबंध लिहीत होते. त्या काळी देशात मोटारी बनवणारे जेमतेम तीन. अँबॅसिडर, फियाट, नाहीतर मद्रासची स्टँडर्ड. रांगेत उभं राहून मिळालेली वस्तू माणूस टाकून देत नाही. दुरुस्त करतो, पुन्हा दुरुस्त करतो. आज ज्याला छंद म्हणतात, त्याचं बी त्या नाइलाजात आहे. फियाटशी करार संपल्यावर या गाडीचंच नाव पुढे १९७४ पासून पद्मिनी झालं. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईतून शेवटच्या पद्मिनी टॅक्सी उतरल्या, त्या दिवशी भाऊजी जेवले नाहीत. ताई म्हणाली, "माझ्या माहेरच्या कुणासाठी एवढं कधी केलं होतंत?"

टॅक्सी गेल्या आणि सुट्या भागांचा प्रश्न आला. टॅक्सीवाल्यांच्या जिवावर कुर्ल्याच्या आणि पुण्याच्या जुन्या बाजारात पॉइंट, प्लग, बुशिंग मिळत होती. आता गिऱ्हाईकच आटलं. शिवाय या इंजिनाच्या आवाजावरून दुखणं सांगणारे मिस्त्री साठीच्या पुढचे आहेत आणि त्यांची मुलं संगणक जोडून दुखणं शोधतात. आमच्या फियाटला संगणक जोडायला जागाच नाही.

त्यात पेट्रोलमध्ये शेकडा २० इथेनॉल आलं. ते जुन्या रबराला मानवत नाही. पंपाचा पडदा आणि नळ्या फुगतात, चिरतात. हे इथेनॉल उसापासूनही होतं. आणि इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवून साखर कारखाना काढणारे कोण, तर तेच वालचंद! वाडवडिलांच्या दोन इस्टेटी एकमेकींच्या जिवावर उठल्याचं हे एरवी न बघायला मिळणारं उदाहरण आहे.

जाता जाता सांगतो, आमच्याच तळेगावात एका बड्या अमेरिकन कंपनीने, जनरल मोटर्सने, २००८ साली कारखाना उघडला आणि डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबवलं. आता तो कोरियन ह्युंदाईकडे आहे. एवढ्या काळात गोठ्यातल्या फियाटचं स्थलांतर फक्त ऊन ते सावली.

खरा पेच पडला तो २०२१ च्या नियमांनी. पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येतं. नव्या नोंदणीला 'व्हीए' मालिकेचा नंबर, पहिलं शुल्क वीस हजार. आधी नोंदवलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. मान मोठा. पण मग ती रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला तेवढी न्यायची. मी म्हटलं, "भाऊजी, आपण तिला शेवटच्या दोन कामांखेरीज कुठे नेतो?" भाऊजी हसले नाहीत. त्यांच्या वडिलांना शेवटच्या आजारात याच मागच्या सीटवर आडवं करून पुण्याला नेलं होतं, हे मला ठाऊक होतं. गाडीला नुसतं बघण्याची वस्तू करायला त्यांचं मन घेईना. आठ दिवस तो अर्ज टेबलावर पडून होता.

निकाल ताईने लावला. म्हणाली, "रविवारी तळेगावच्या बाजारातून भाजी आणायची की नाही, तेवढं सांगा. नसेल आणायची, तर गोठा मला मोकळा करून द्या." अर्ज तसाच कोरा माझ्या वहीत आला.

परवा पंपाचा नवा पडदा मिळाला, एक नग. हा खर्च भांडवली धरू की महसुली, असं मी नियमाप्रमाणे विचारलं. भाऊजी गाडीखाली होते. ताईने मेथी निवडता निवडता सांगितलं, "घरखर्चात टाक."