शाळेची श्रेणी आणि वेगळ्या वाटेचे विद्यार्थी

शाळांना श्रेणी देण्याची पद्धत अमेरिकेत रूढ होऊन पाव शतक लोटले आहे. फ्लोरिडा राज्याने १९९९ पासून सरकारी शाळांना 'ए' ते 'एफ' अशी श्रेणी देण्यास प्रारंभ केला आणि पुढे अनेक राज्यांनी तिचे अनुकरण केले. २००२ च्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्याने शाळांचे उत्तरदायित्व देशभर बंधनकारक केले, तर २०१५ च्या 'एव्हरी स्टुडंट सक्सीड्स' कायद्याने राज्यांना त्यात अधिक मोकळीक दिली. मात्र श्रेणी कशी ठरवावी यापेक्षा ती ठरवताना कोणाला मोजावे, हा प्रश्न अधिक अवघड ठरला आहे. शिक्षण सोडून परतलेले विद्यार्थी, किशोरवयीन माता, शिस्तभंगामुळे अन्यत्र पाठवलेली किंवा सुधारगृहात असलेली मुले यांची वाट नेहमीच्या शाळेची नसते. त्यांच्या यशापयशाचा हिशेब कोणाच्या नावावर मांडायचा?

चार वर्षांचा हिशेब

पूर्वी उत्तीर्णतेचे प्रमाण काढण्याची प्रत्येक राज्याची रीत निराळी असे आणि मधेच गळालेले विद्यार्थी अनेकदा हिशेबाबाहेर राहत. २००८ मध्ये केंद्र सरकारने समान सूत्र ठरवून दिले. त्यानुसार नववीत एकत्र प्रवेश घेतलेल्यांपैकी चार वर्षांत नियमित पदविका मिळवणाऱ्यांचे प्रमाण काढले जाते. विद्यार्थी दुसरीकडे गेला असे नुसते सांगून भागत नाही. त्याचा लेखी पुरावा असेल तरच त्याचे नाव वगळता येते. 'जीईडी' ही समकक्षता परीक्षा उत्तीर्ण होणारा विद्यार्थी या गणितात पदवीधर धरला जात नाही, पण एकूण संख्येत कायम राहतो. या सूत्राने देशाचे प्रमाण २०१०-११ मध्ये ७९ टक्के, तर २०१७-१८ मध्ये ८५ टक्के होते.

पाचव्या किंवा सहाव्या वर्षी शिक्षण पूर्ण करणाऱ्यांची दखल राज्यांना स्वतंत्रपणे घेता येते. तथापि, एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक विद्यार्थी पदविकेविना राहणाऱ्या शाळेला सर्वंकष सुधारणेच्या यादीत टाकण्याचे बंधन कायद्यात आहे. गळती झालेल्यांना परत आणणाऱ्या शाळेकडे मुले येतात तीच मुळात दोन-तीन वर्षे मागे पडलेली. त्यामुळे अशी शाळा या यादीत जाणे जवळपास अटळ असते. हे ओळखूनच अशा शाळांसाठी सुधारणेचे वेगळे उपाय योजण्याची मुभा कायद्याने राज्यांना दिली आहे.

मूळ शाळेची जबाबदारी

फ्लोरिडात पर्यायी शाळेला दोन पर्याय असतात. ती इतरांप्रमाणे श्रेणी घेऊ शकते किंवा 'प्रशंसनीय', 'स्थिर' व 'असमाधानकारक' अशा तीन पायऱ्यांचे सुधारणा-मानांकन स्वीकारू शकते. दुसऱ्या पर्यायात विद्यार्थ्यांची कामगिरी त्यांच्या मूळ शाळेच्या श्रेणीतही धरण्याची तरतूद आहे. टेक्सासमध्ये शिस्तभंगामुळे पर्यायी वर्गात पाठवलेल्यांचे निकाल मूळ शाळेच्याच नावावर जमा होतात. शिक्षण सुटण्याचा धोका असलेले विद्यार्थी प्रामुख्याने सामावून घेणाऱ्या शाळांसाठी मात्र तेथे स्वतंत्र निकष आहेत.

तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी पर्यायी परीक्षा असते, परंतु ती देणाऱ्यांचे प्रमाण राज्यात प्रत्येक विषयामागे एक टक्क्याहून अधिक असू नये, असे बंधन आहे. शिवाय किमान ९५ टक्के विद्यार्थ्यांची परीक्षा घ्यावीच लागते. कच्च्या मुलांना परीक्षेच्या दिवशी घरी बसवण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला.

पळवाट आणि पेच

सर्वच पळवाटा मात्र बुजल्या नाहीत. मागे पडलेल्या विद्यार्थ्यांना पर्यायी शाळांकडे वळवल्याने मोठ्या शाळांची प्रतिष्ठा कशी राखली जाते, हे 'प्रोपब्लिका' या शोधपत्रकारिता संस्थेने २०१७ मध्ये फ्लोरिडातील ऑर्लँडोच्या उदाहरणातून दाखवून दिले. महाराष्ट्रातील वाचकांना हा पेच अगदीच अपरिचित नाही. दहावीला १७ नंबरचा अर्ज भरणाऱ्या खासगी विद्यार्थ्यांचा निकाल मंडळ नियमित विद्यार्थ्यांपेक्षा वेगळा जाहीर करते.

मोजपट्टी सैल केली, तर या मुलांकडून फारशी अपेक्षाच उरत नाही आणि दुबळी पर्यायी शाळा वर्षानुवर्षे तशीच चालू राहते. मोजपट्टी सर्वांना एकच लावली, तर अशा मुलांना दार उघडणारी शाळाच 'नापास' ठरते आणि पुढे ते दार उघडण्यास कोणी धजावत नाही. निकाल मूळ शाळेशी जोडून ठेवणे आणि पर्यायी शाळेकडून मुख्यतः प्रगतीचा हिशेब मागणे, हा या दोहोंमधला मार्ग आहे. मुलाला दुसरीकडे पाठवल्याने शाळेची टक्केवारी वाढत नसेल, तर पाठवण्याचा निर्णय त्या मुलाच्या हितासाठीच होण्याची शक्यता अधिक राहते.