पुन्हा पाहण्याचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्यासमोर तख्त, लढाया आणि सनावळ्या येतात. पण लोकांनी काय पाहिले, किती वेळा पाहिले आणि ते कोणी जपून ठेवले, यालाही इतिहास असतो. हिंदी सिनेमाच्या बाबतीत त्याकडे आपण विशेष लक्ष द्यायला हवे. या सिनेमाच्या घडणीत मुस्लिम लेखक, शायर, संगीतकार आणि कलावंतांचा वाटा मोठा आहे. त्यातले बरेच काम मात्र आज कोणालाही पुन्हा पाहता येत नाही.

‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात झळकला. दिग्दर्शक अर्देशिर इराणी, नायक मास्टर विठ्ठल, नायिका झुबेदा. पारशी, मराठी आणि मुस्लिम हात एकत्र लागलेल्या या बोलपटाची आज एकही प्रत उपलब्ध नाही. झुबेदाची आई फातमा बेगम हिने १९२६ साली ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला. भारतातली पहिली स्त्री-दिग्दर्शक म्हणून तिचे नाव आपण मुलींना सांगतो, पण दाखवायला तो चित्रपट उरलेला नाही.

असे का झाले? त्या काळची फिल्म नायट्रेटची असे, ती चटकन पेट घेई. तिच्यात चांदी असे, म्हणून जुनी रिळे चांदी काढण्यासाठी विकली जात. मोठ्या शहरांपासून गावोगावच्या तंबूंपर्यंतचा फेरा संपला की चित्रपटाची कमाई जवळजवळ संपे. प्रेक्षकाला घरी पाहण्याची सोय नव्हती, त्यामुळे जुनी प्रत सांभाळण्यात निर्मात्याला फायदा दिसत नसे. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये. पी. के. नायर यांनी तिथे आयुष्य वेचून शेकडो चित्रपट मिळवले, तरी तोवर पुष्कळ काही हातचे गेले होते.

आवडता चित्रपट पुन्हा पाहायचा तर पुन्हा तिकीट काढायचे, एवढाच तेव्हा मार्ग होता. ५ ऑगस्ट १९६० रोजी मराठा मंदिरात लागलेला ‘मुघल-ए-आझम’ लोकांनी असाच अनेकदा पाहिला. कमाल अमरोही, वजाहत मिर्झा, अमानुल्ला खान आणि एहसान रिझवी या चौघांनी त्याचे संवाद लिहिले. शाळेची पायरी न चढलेली माणसेही ते संवाद शुद्ध तलफ्फुजसह म्हणून दाखवत. उर्दू शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला या गोष्टीचे मोल कळते. जे काम आम्ही वर्गात वर्षभर करतो, ते तीन तासांचा चित्रपट वारंवार पाहून होत होते. १९७५ च्या ‘शोले’च्या संवादांची तर ध्वनिमुद्रिकाच निघाली. पाहता येत नाही, तर निदान ऐकू या, असा तो हट्ट होता.

१९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला आणि त्या सुमारास व्हीसीआरही पसरला. तो विकत घेणे थोड्यांनाच परवडे. बाकीचे एका रात्रीसाठी टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणत, मोहल्ल्यात वर्गणी काढत आणि पहाटेपर्यंत तीन-तीन कॅसेटी पाहत. ज्या घरांतल्या स्त्रियांना थिएटरात जाण्याची मुभा नव्हती, त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट होती. पूर्वी घरातले पुरुष सिनेमा पाहून येत आणि कथा सांगत. आता अम्मी, खाला, फुफी स्वतः पाहू लागल्या आणि ‘जरा मागे घे रे’ असे फर्मावू लागल्या. घरात सिनेमा नको म्हणणारी वडीलधारी मंडळीही होती. त्यांचा आक्षेप आणि बायकांची हौस, दोन्ही एकाच छपराखाली नांदली.

या धंद्यात चोरी भरपूर होती. १९८४ मध्ये कॉपीराइट कायदा दुरुस्त करून शिक्षा कडक करावी लागली. कॅसेटींवर खाली जाहिराती सरकत आणि चित्र धूसर असे. तरी व्हिडिओने काही गोष्टी वाचवल्या. आणीबाणीत सेन्सॉरच्या आक्षेपामुळे ‘शोले’चा शेवट बदलावा लागला होता. ठाकूर गब्बरला ठार मारतो, हा मूळ शेवट पुढे अनेकांनी प्रथम व्हिडिओवरच पाहिला.

व्हिडिओने आणखी काय घडवले, ते मालेगावात दिसते. या यंत्रमागांच्या गावात नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवत. चित्रपट पाहता-पाहता, दाखवता-दाखवता ते त्याची जोडणी शिकले आणि २००० साली त्यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला. मागावर काम करणारी माणसे नट झाली. फैजा अहमद खान यांनी याच मंडळींवर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ देशभर प्रदर्शित झाला. ज्या गावाचे नाव वर्तमानपत्रांत बहुधा दंगल आणि स्फोटांसाठीच येई, त्या गावाची हसरी बाजू जगासमोर आली. ती शिकवणी याच व्हिडिओ पार्लरमध्ये झाली होती.

नंतर व्हीसीडी आणि डीव्हीडी आल्या. २००४ मध्ये ‘मुघल-ए-आझम’ संपूर्ण रंगीत होऊन पुन्हा पडद्यावर आला. नव्या पिढीने त्याला गर्दी केली, ही आनंदाची बाब. पण ती आवृत्ती मूळ चित्रपटापेक्षा आखूड होती. म्हणून मूळ कृष्णधवल प्रत जपणे तितकेच गरजेचे. आज सिनेमा मोबाइलवर मिळतो, परंतु कंपनीचा करार संपला की तो तिथून नाहीसा होतो. घरातली डिस्क अशी कोणी काढून नेऊ शकत नव्हते.

२०१६ मध्ये जगातला शेवटचा व्हीसीआर बनवणारा कारखानाही थांबला. आपल्या कपाटांत मात्र कॅसेटी अजून पडून आहेत. त्यांत दुकानातले चित्रपट थोडे; मोहल्ल्यातले मुशायरे, शाळांची स्नेहसंमेलने, आता हयात नसलेल्या शायरांचे आवाज जास्त. त्यांना बुरशी लागते आहे. चित्रपट जपायला निदान संग्रहालये आहेत. या कॅसेटी जपायला आपल्याशिवाय कोणी नाही. प्रत्येक शाळेने, वाचनालयाने आपल्या भागातल्या अशा कॅसेटी गोळा करून त्यांच्या संगणकीय प्रती करून घ्याव्यात आणि कोणत्या कॅसेटीत काय आहे, याची यादी लिहून ठेवावी. फातमा बेगमचे नाव आपल्याकडे उरले आणि काम गेले. आपल्या शायरांचे तसे होऊ देऊ नये.