धाव

बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवतात, तिला मराठीत 'धाव' म्हणतात. लोहार ती चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करतो, भट्टीत लालबुंद तापवतो, फुगलेली असतानाच चाकावर बसवतो आणि वरून पाणी ओततो. लोखंड आकसतं, लाकडाला आवळून धरतं. तुंबा, आरे, बाहेरचा लाकडी घेर, सगळं त्या एका आकसण्यामुळे जागच्या जागी राहतं. टायर या शब्दाला इतका अचूक मराठी शब्द आपल्याकडे आधीपासून होता, हे मला माउंटन बाइकचे टायर निवडताना कळलं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आठवडाभर पुण्यात कोड लिहितो आणि सुट्टीला अलिबाग ते श्रीवर्धन या पट्ट्यात सायकल चालवतो. कुठल्या ऋतूत कुठला टायर, किती हवा, याचं एक कोष्टक मी बनवलं होतं. ते भरता भरता प्रत्येक रकान्यामागे एक इतिहास निघू लागला. इथली प्रत्येक वाट अशी का आहे, ती कोणी केली आणि तिथे डांबर का पोचलं नाही? हा लेख त्या रकान्यांबद्दल आहे.

आधी एक मूलभूत गोष्ट. या किनाऱ्याचा हमरस्ता शतकानुशतकं समुद्र होता. जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं, म्हणजे नावातही एक जलदुर्गच. मुरुडला जंजिऱ्याचं स्वतंत्र संस्थान १९४८ पर्यंत टिकलं. माणसं, भात, मासळी, सगळं गलबतांनी आणि नंतर बोटींनी मुंबईला जायचं. जमिनीवरून जायचं तर दर थोड्या अंतरावर खाडी आडवी येते: धरमतर, रेवदंडा, राजपुरी, बाणकोट. त्यामुळे इथल्या जमिनीवरच्या वाटा लांब पल्ल्याच्या कधी झाल्याच नाहीत. गावातून शेतात, शेतातून बंदरावर, बंदरावरून डोंगरातल्या वाडीवर. तुकड्यातुकड्यांच्या वाटा, आणि प्रत्येक तुकड्याची जमीन वेगळी.

त्यातला पहिला तुकडा वाळूचा. ओहोटीला अलिबागच्या किनाऱ्यावरून घोडागाड्या थेट कुलाबा किल्ल्यापर्यंत जातात. याच पट्ट्यात पुळणीवर बैलगाड्यांच्या शर्यती होतात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या बंद केल्या, डिसेंबर २०२१मध्ये सशर्त परवानगी दिली आणि २०२३मध्ये ती कायम केली. शर्यतीची गाडी हलकी असते, तरी तिची चाकं मऊ वाळूत रुततील असं वाटतं. रुतत नाहीत, कारण शर्यत भरतीरेषेच्या खाली, ओल्या वाळूवर होते. दोन कणांमध्ये पाण्याचा पातळ थर असला की पृष्ठताण त्यांना एकमेकांकडे ओढून धरतो आणि वाळू जवळजवळ फरशीसारखी वागते. पाणी जास्त झालं की कण सुटतात, पूर्ण वाळलं तरी सुटतात. किनाऱ्यावरच्या गाडीवानाला हे पुस्तकाशिवाय माहीत असतं. कुठल्या घटकेला कुठून गाडी घालायची, हाच त्याचा टायर.

कोरड्या वाळूवर मात्र चाकच बदलावं लागतं. इथे गणित सोपं आहे. मी आणि सायकल मिळून ८५ किलो. टायरमध्ये ६० पीएसआय हवा असेल तर ढोबळमानाने दोन्ही चाकांचा मिळून २० चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकतो. हवा ८ पीएसआयवर आणली तर तोच भाग १५० चौरस सेंटिमीटर होतो. एका चाकाखाली आधी पाच रुपयांची दोन नाणी होती, आता हाताचा तळवा आहे. पण अरुंद टायरमध्ये ८ पीएसआय ठेवला तर रिम थेट जमिनीवर आपटेल. म्हणून टायर जाड हवा. अलास्कातला बर्फ आणि न्यू मेक्सिकोतली वाळू यांसाठी धडपडणाऱ्या सायकलस्वारांनी हा उपाय शोधला. २००५मध्ये सर्ली कंपनीची पग्सली ही पावणेचार इंची टायरची सायकल बाजारात आली आणि फॅट बाइक हा प्रकार रूढ झाला. सुरूच्या बनाखालची भुसभुशीत वाळू ओलांडायची तर यापेक्षा चांगलं उत्तर अजून नाही. फक्त घरी आल्यावर गोड्या पाण्याने सायकल धुवायची, नाहीतर साखळी मीठ खाते.

हवा भरलेला टायर ही कल्पना दोनदा जन्माला आली. रॉबर्ट विल्यम थॉमसन या तेवीस वर्षांच्या स्कॉटिश इंजिनिअरने १८४५ साली तिचं पेटंट घेतलं, लंडनमध्ये घोडागाडीला तसे टायर लावूनही दाखवले. सायकल तेव्हा आलीच नव्हती, रबर महाग होतं, आणि लोक ते विसरून गेले. १८८८ साली बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीसाठी तेच पुन्हा शोधलं. पुढच्याच वर्षी त्याचे टायर लावलेली सायकल शर्यती जिंकू लागली. थॉमसनचं जुनं पेटंट पुढे आल्यावर डनलॉपचं पेटंट रद्द झालं, पण नाव त्याचंच राहिलं. इतकं राहिलं, की उत्तर भारतात रबरी टायरच्या बैलगाडीलाच डनलॉप म्हणतात.

या शोधाची किंमत कुणी मोजली, हेही सांगायला हवं. सायकलच्या लाटेने रबराची मागणी एकदम वाढली. तेव्हा बरंचसं रबर जंगलातून गोळा होई. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याच्या खाजगी ताब्यातल्या काँगोमध्ये गावांना रबराचा कोटा ठरवून दिला जाई. तो भरला नाही तर ओलीस, फटके, कत्तली, तोडलेले हात. रॉजर केसमेंटचा अहवाल १९०४ साली प्रसिद्ध झाला आणि जगाला हे अधिकृतपणे कळलं. १९०८मध्ये काँगो राजाच्या हातून गेला. दरम्यान १८७६ साली हेन्री विकहॅमने ब्राझीलमधून लंडनच्या क्यू उद्यानात आणलेल्या बियांपासून श्रीलंका, मलाया आणि पुढे केरळात मळे उभे राहिले होते. माझ्या टायरमधलं नैसर्गिक रबर बहुधा त्याच झाडांच्या वंशातलं असणार.

रबराने आणखी एक गोष्ट केली, तिने इथली जमीन बदलली. खडीचा रस्ता लोखंडी धावेच्या गाड्यांसाठी ठीक होता. चाकाखाली खडी दाबली जायची, भुगा फटीत बसायचा आणि रस्ता घट्ट व्हायचा. मोटारींचे वेगवान रबरी टायर तोच भुगा फटींतून ओढून बाहेर काढू लागले. खडी सुटली, धूळ उडू लागली. ती बांधून ठेवायला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात डांबर आलं. म्हणजे डांबरी रस्ता ही टायरचीच गरज. एका सिस्टिममध्ये बदल केला की शेजारची सिस्टिम बदलावी लागते, हे आम्ही रोज ऑफिसात भोगतो.

पण डांबर पोचण्याआधी इथे सायकल पोचली होती. जुन्या फोटोंत दिसते ती काळी, दांडीच्या ब्रेकची, कॅरियरवर पोतं किंवा पाटी बांधलेली सायकल. तिच्या टायरवर '२८ × १ १/२' असं लिहिलेलं असतं. या आकाराच्या रिमचा टायर बसतो तो व्यास ६३५ मिलिमीटर. आज लाखभर रुपयांच्या माउंटन बाइकवर अभिमानाने '२९' लिहितात, तिचा व्यास ६२२. आजोबांच्या सायकलची रिम आजच्या 'ट्वेंटीनाइनर'पेक्षा मोठीच होती! आणि कारणही तेच: मोठं चाक खड्ड्यात कमी पडतं, दगडावरून सहज चढतं. मुंबईच्या आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तरुणांनी १९२३ ते १९२८ या काळात अशाच साध्या सायकलींवर जगप्रदक्षिणा केली. इराण-इराकची वाळवंटं ओलांडताना त्यांच्याकडे टायरची निवड अशी नव्हतीच. टायर एकच, बाकी सगळं पायांनी भागवायचं.

माउंटन बाइक म्हणून जी वेगळी जात आपण ओळखतो, तिची सुरुवातही टायरपासूनच झाली. १९३३मध्ये श्विन कंपनीने अमेरिकेत २.१२५ इंची 'बलून' टायरची सायकल आणली. ती मुलांसाठी, पेपर टाकणाऱ्यांसाठी. चाळीसेक वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीमधल्या काही तरुणांनी त्या भंगारातल्या सायकली डोंगरावरून खाली सोडायला सुरुवात केली. १९७६च्या ऑक्टोबरमध्ये तिथे 'रीपॅक' नावाची पहिली शर्यत झाली. दोन मैलांच्या आसपास अंतर, तेराशे फुटांचा उतार. उतरल्यावर ब्रेकच्या हबमधलं ग्रीस जळून गेलेलं असे, ते पुन्हा भरावं लागे, म्हणून ते नाव. १९९६मध्ये हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेला.

आता माझ्या कोष्टकाकडे येतो.

पहिला रकाना खारबंदिस्तीचा. खाडीचं पाणी अडवून भातशेती करण्यासाठी घातलेले मातीचे बांध, बाहेरकाठे, अलिबाग-पेण भागात मैलोनमैल आहेत. पावसाळ्यात ही चिकणमाती टायरला अशी चिकटते की चाक फ्रेममध्ये अडकून थांबतं. इथे जाड टायर उपयोगाचा नाही. २.१ ते २.२५ इंच रुंद, उंच आणि एकमेकांपासून लांब असलेल्या नॉब्जचा टायर हवा, म्हणजे चाक फिरताना चिखल झटकला जातो. या बांधांवरून जाताना मला चरी आठवतं. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध संप केला, जमिनी पडीक ठेवल्या, उपास काढले. डॉ. आंबेडकरांनी त्यांना पाठिंबा दिला. मुंबई प्रांतात १९३९ साली कुळकायदा आला, त्यामागे या लढ्याचा वाटा मोठा आहे. मी ज्याला 'मड सेक्शन' म्हणतो ती माती अशी आहे.

दुसरा रकाना जांभ्याचा. दक्षिणेकडे श्रीवर्धनच्या बाजूला सड्यांवर तांबडा जांभा उघडा पडलेला आहे. याला इंग्रजीत लॅटराइट हे नाव फ्रान्सिस ब्यूकॅननने १८०७ साली दिलं, लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. खाणीतून चिरे काढताना तो मऊ असतो, हवेत कडक होतो. उन्हाळ्यात त्याच्या घट्ट पाठीवर बारीक गोल खडे पसरलेले असतात, गोट्यांवरून चालल्यासारखं होतं. इथे मध्ये बुटके, दाट नॉब्ज आणि कडेला मजबूत खांदे असलेला २.३ ते २.४ इंची टायर लागतो. वळणावर सायकल कलली की तेच खांदे धरतात.

तिसरा रकाना काळ्या कातळाचा. फणसाडच्या आसपास, जिथे जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं आणि १९८६पासून अभयारण्य आहे, तिथल्या वाटांवर पावसाळ्यात दगडांना शेवाळ धरतं. शेवाळावर नॉब्जचा आकार फारसा कामाचा नाही. तिथे मऊ रबर आणि कमी हवा. मी पुढे २० आणि मागे २२ पीएसआय ठेवतो. मऊ रबर लवकर झिजतं, पण पावसाळा चारच महिन्यांचा.

काटे मात्र बारमाही. बाभळीचा काटा, करवंदीचा काटा, खडकावर कालवांच्या कवचांची पाती. म्हणून ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट. बरीचशी सीलंट म्हणजे रबराच्या झाडाचा पातळ चीकच. भोक पडलं की चीक तिथे धावतो, हवेशी गाठ पडते आणि घट्ट होतो. फणस चिरण्याआधी हाताला तेल लावणाऱ्या कोकणी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

एवढं सगळं लिहिल्यावर शेवटचा रकाना उरतो आणि तो मला अजून भरता आलेला नाही. एका वाडीच्या वाटेवर मी टायरमधली हवा मोजत होतो. डोक्यावर लाकडं घेऊन येणारी एक आजी थांबली आणि म्हणाली, "रस्त्याचं माप घ्यायला आलायस का रे, बाळा?" नाही म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. आपण ज्याला ट्रेल म्हणतो, ती बहुतेकदा कुणाची तरी न झालेली सडक असते.

या किनाऱ्याने रस्ता नसण्याची किंमत दिलेली आहे. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. भर पावसाळ्यात, अमावस्येला, माणसं बोटीत चढली कारण घरी जायचा सरळ मार्ग तोच होता. बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून ज्याची चर्चा आहे तो रेवस-रेड्डी सागरी महामार्ग याच तुकड्यातुकड्यांच्या वाटांना जोडण्याचं स्वप्न आहे. तो पूर्ण झाला तर खाड्यांवर पूल येतील, आजारी माणूस वेळेत दवाखान्यात पोचेल. त्याच रस्त्याने बंगल्यांचे प्लॉट येतील, सड्याला कुंपणं पडतील, आणि खाडीकाठच्या बांधांकडे बघायला कुणाला वेळ उरणार नाही, हेही दिसतं आहे.

चाकाच्या इतिहासात दोनच मार्ग आहेत. चाक जमिनीसारखं करायचं किंवा जमीन चाकासारखी करायची. मी पहिला मार्ग निवडतो, कारण मला तो परवडतो: सुट्टी आहे, तीन जोड टायर आहेत, आणि संध्याकाळी मी परत डांबरावर येतो. त्या आजीला दुसरा मार्ग हवा आहे आणि तिचा हक्क माझ्या हौसेपेक्षा मोठा आहे. माझी मागणी इतकीच की रस्ता वाडीपर्यंत जावा, वाडी उठवून नव्हे. तोवर या वाटांवरून जाताना हवा थोडी कमी ठेवावी. जमीन जास्त जाणवते.