घरचा सडवा, ठेकेदाराची भट्टी

मोहाचा हंगाम लागला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या वर्तमानपत्रांत एक ठरलेली बातमी येऊ लागते : अमुक गावालगत नाल्याकाठी छापा, इतके ड्रम मोहफुलाचा सडवा नष्ट. पुण्या-मुंबईच्या वाचकाला 'सडवा' हा शब्द भेटलाच तर अशा बातमीत भेटतो. सडवा म्हणजे पाण्यात भिजवून आंबवलेली मोहफुले. भट्टीवर चढण्याआधीची अवस्था. बातमीत तो मुद्देमाल असतो. एकेकाळी तो घरातल्या धान्या-मिठासारखाच एक जिन्नस होता. जिन्नसाचा मुद्देमाल कसा झाला, हे या लेखात पाहायचे आहे.

शहरांत अलीकडे घरी बिअर करण्याचा छंद काहींना लागला आहे. त्यांची खटपट मोठी असते. बार्लीच्या दाण्यात साखर नसते, पिष्ट असते. म्हणून दाणे भिजवून मोड आणायचे, वाळवायचे, ठरावीक उष्णतेच्या पाण्यात मुरवून पिष्टाची साखर करायची, हॉप्सची फुले घालून उकळायचे आणि मग यीस्ट विकत आणून घालायचे. मोहफुलाला यातले काहीच लागत नाही. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते आणि आंबवणारे सूक्ष्मजीव फुलाबरोबरच येतात. मडके, पाणी आणि काही दिवस, एवढे पुरते. गाळायचे तर मडक्यावर मडके, बांबूची नळी आणि वर गार पाणी. इतके सोपे तंत्र घराघरांत असणे स्वाभाविक होते, आणि तेच पुढे सरकारला अडचणीचे ठरले.

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुले गळतात. बायका-मुले टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, अंगणात फुले वाळवतात. ती सगळीच दारूसाठी नसतात. ती भाजून, शिजवून खातात, गुरांना घालतात, बाजारात मीठ-तेलाच्या बदल्यात देतात. पुढे फळे येतात, त्यांच्या बियांचे तेल निघते. दारूचे स्थान वेगळे. जन्म, सोयरीक, मरण आणि पेन यांच्या विधीत ती लागते. पूर्वजांच्या नावाने पहिले थेंब जमिनीवर पडल्याशिवाय गोंड-माडिया घरात कार्य पुरे होत नाही. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला गोरग्याच्या झाडाचा रसही पितात. बस्तरमध्ये त्याच रसाला सल्फी म्हणतात, आणि तांदूळ आंबवून केलेल्या पेयाला लांदा. युरोपीय अर्थाने बिअरला सर्वांत जवळचा हा लांदाच.

नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला आणि चांदा जिल्हा त्यात आला. आबकारी हे नव्या राज्यकारभाराचे हुकमी उत्पन्न होते. प्रथम भट्टीचा लिलाव होई. ठरावीक भागात दारू गाळण्या-विकण्याचा हक्क सर्वांत जास्त बोली बोलणाऱ्याला मिळे. मग तो किती गाळतो याच्याशी सरकारला देणेघेणे नसे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोजून कर घेण्याची, मोठ्या भट्टीतून दुकानांना पुरवठा करण्याची पद्धत रुळत गेली. पद्धती बदलल्या, पण एक अट दोन्हींत समान होती : घरातले मडके बंद झाले पाहिजे. जो घरी गाळतो तो ठेकेदाराचे गिऱ्हाईक होत नाही. विक्रीचा परवाना आणि घरच्या दारूला गुन्हा ठरवणे ही एकाच नाण्याची दोन अंगे होती. मुंबई इलाख्यात तर १८७८च्या आबकारी कायद्यानंतर, १८९२ मध्ये ठाणे-कुलाब्यासाठी खुद्द मोहफुलावर निर्बंध घालणारा वेगळा कायदा आला. फुलावर कायदा! सरकारची काळजी माणूस किती पितो याची नव्हती; तो कुणाची पितो याची होती.

स्वातंत्र्यानंतर हेतू बदलला, चौकट राहिली. मुंबईचा १९४९चा दारूबंदी कायदा नैतिक प्रेरणेतून झाला. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पुढे तोच कायदा येथे लागू झाला. त्यात बिनपरवाना मद्य बनवणे हाच गुन्हा. घरासाठी की विकण्यासाठी, हा भेद नाही. मोहफुलांवरचे निर्बंधही राहिले. ब्रिटनने घरी बिअर करण्यावरचा परवाना १९६३ मध्ये काढून टाकला, अमेरिकेने १९७८ मध्ये ठरावीक मर्यादेत ती करमुक्त केली. दोन्हीकडे रेषा विक्रीपाशी ओढली गेली. आपल्याकडे एटापल्लीची म्हातारी आणि पुण्याच्या फ्लॅटमधला हौशी तरुण या कायद्यापुढे सारखेच आहेत. छापा मात्र तरुणाकडे सहसा पडत नाही.

याचा अर्थ दारूबंदीची चळवळ चुकीची होती असा कुणी काढू नये. १९८०च्या दशकाच्या अखेरीस डॉ. अभय व डॉ. राणी बंग आणि अनेक संघटनांनी गडचिरोलीत दारूमुक्तीचे आंदोलन उभे केले, त्याचे बळ गावोगावच्या बायका होत्या. १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. चंद्रपुरात पारोमिता गोस्वामींच्या श्रमिक एल्गारने २०१० मध्ये चिमूरहून नागपूर विधानभवनावर पायी मोर्चा नेला. तिथली बंदी १ एप्रिल २०१५ पासून आली. मार खाणारी, मजुरी दुकानात जाताना पाहणारी बाई विधीच्या थेंबाशी भांडत नव्हती. तिचे भांडण विकल्या जाणाऱ्या दारूशी होते, असे मला वाटते. दुर्दैव असे की बंदीनंतर बाटली चोरवाटेने येऊ लागली आणि घरचे मडकेही विक्रीला लागले. गूळ आणि नवसागर घालून ड्रमात लावलेल्या सडव्याचा आजीच्या मडक्याशी संबंध उरला तो नावापुरता.

विक्री आणि घरगुती वापर यांत भेद करण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. १९७०च्या दशकाच्या मध्यास केंद्राने राज्यांना सांगितले होते की आदिवासी भागांत दारूची दुकाने बंद करावीत आणि घरगुती, सामाजिक वापराचे पारंपरिक पेय चालू द्यावे. १९९६च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांचे नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेशी जोडला. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. मध्य प्रदेशाने तर मोहाच्या दारूला 'वारसा मद्य' म्हणून परवाने देण्याचे धोरण आखले.

मे २०२१ मध्ये महाराष्ट्रात दोन निर्णय झाले. मोहफुले गोळा करणे, बाळगणे, विकणे यावरचे निर्बंध उठले. आणि चंद्रपूरची दारूबंदी उठली. म्हणजे आता चंद्रपुरात परवान्याच्या दुकानात बाटली मिळते, अंगणात फूल कितीही वाळवता येते. पण त्या फुलाचा सडवा लावला की गुन्हा.

भामरागडच्या पूर्वेला इंद्रावती वाहते. पलीकडे छत्तीसगड. दोन्ही तीरांवर माडिया राहतात, सोयरीक नदी ओलांडून होते. पलीकडच्या काठावर आदिवासी कुटुंबाला ठरावीक मर्यादेपर्यंत घरची दारू करण्याची, बाळगण्याची मुभा आहे. लग्नाचा पाहुणा ती घेऊन डोंग्यात बसतो आणि अलीकडे उतरतो तेव्हा त्याच्या हातात असतो तो मुद्देमाल.