खिळ्यांच्या केसपासून कळफलकापर्यंत : छोट्या मराठी छापखान्यांची संगणकपूर्व तयारी

प्रस्तावना :

लघुउद्योग नवे तंत्रज्ञान कसे स्वीकारतात, हा प्रश्न बहुधा भांडवल आणि यंत्रखरेदी यांच्या अंगाने मांडला जातो. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, हस्तपत्रके व स्मरणिका छापणाऱ्या छोट्या मराठी छापखान्यांचा इतिहास पाहता ही मांडणी अपुरी वाटते. अक्षरजुळणी संगणकावर नेताना या छापखान्यांनी कशाची तयारी केली व कशाची केली नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खिळ्यांची व्यवस्था :

जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने (१८६९) देवनागरी मुद्रणाला सुबक रूप दिले. तरीही लिपीची मूळ अडचण कायम राहिली. अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, मात्रा व रफार यांमुळे देवनागरीला शेकडो खिळे लागत. ही संख्या घटविण्याचा प्रयत्न लोकमान्य टिळकांनीही केला होता. कोणता खिळा केसच्या कोणत्या घरात आहे, हे जुळणी करणाऱ्या कामगाराला न पाहताही ठाऊक असे. ‘कि’ जुळविताना तो आधी ऱ्हस्व वेलांटीचा खिळा उचली, मग ‘क’चा. उच्चाराच्या क्रमाशी त्याला कर्तव्य नव्हते; कागदावर जे दिसणार, तोच त्याचा क्रम होय.

संगणकाचा प्रवेश :

१९८५ साली परदेशात लेसररायटर व पेजमेकर बाजारात आले आणि टेबलावर पान रचण्याचे तंत्र सामान्य व्यावसायिकाच्या आवाक्यात येऊ लागले. भारतीय लिपींसाठी आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले ‘जिस्ट’चे कार्य पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये (स्थापना १९८८) वाढले. पुण्यातीलच मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्री-लिपी’ही छापखान्यांत रुळली. या आज्ञावलींत टंकलेखन यंत्राचा कळफलक निवडण्याची सोय होती, ही गोष्ट निर्णायक ठरली असे संशोधकाचे मत आहे. टंकलेखन संस्थांत तयार झालेला हात छापखान्याला आयता वापरता आला. खिळे जुळविणाऱ्याची विद्या मात्र बाजूला पडली. शुद्धलेखनाची त्याची नजर हिशेबात धरली गेली नाही.

गंमत अशी की माणूस गेला, पण त्याची केस संगणकात शिरली. त्या काळच्या फाँटमध्ये २५६ च जागा असत. त्यांत काना, वेलांटी, अर्धे अक्षर असे तुकडे प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने बसवी. वेलांटी येथेही ‘क’च्या आधीच साठविली जाई. एका कंपनीच्या फाँटमधील मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये उघडला की अर्थहीन चिन्हे दिसत. छापखान्याला याची झळ लागली नाही, कारण लेसर प्रिंटरवर ट्रेसिंग कागद निघाला, त्यावरून ऑफसेटची प्लेट झाली, की त्याचे काम संपे.

प्रमाण होते, गिऱ्हाईक नव्हते :

उच्चारक्रमाने मजकूर साठविणारे ‘इस्की’ प्रमाण भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली स्वीकारले होते. देवनागरीचा समावेश असलेल्या युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. म्हणजे प्रमाणाअभावी हे घडले असे म्हणता येत नाही. गिऱ्हाईक पैसे मोजी ते छापील प्रतीचे. फाइलला खरेदीदारच नव्हता. छापखान्यांना सरसकट दोष देणेही न्याय्य नाही. विंडोज २००० मध्ये र. कृ. जोशी यांनी घडविलेल्या ‘मंगल’ फाँटसह देवनागरी युनिकोड आले. परंतु ज्या पेजमेकरवर छापखाना चाले, त्याच्या २००१ मधील अखेरच्या आवृत्तीतही युनिकोडची सोय नव्हती.

याची किंमत अभ्यासकाला मोजावी लागते. अशा फाँटमध्ये रचलेल्या त्या दशकातील स्थानिक इतिहासाच्या पुस्तिका, संस्थांच्या स्मरणिका व प्रबंध यांच्या फाइली हाती आल्या तरी त्यांत शब्द शोधता येत नाही. रूपांतर करणाऱ्या आज्ञावली आहेत. तथापि मूळ फाँट कोणता, हे आधी ओळखावे लागते. रफार व जोडाक्षरे पुन्हा ओळीओळीने तपासावी लागतात. मूळ फाइलच उरली नसेल, तर छापील प्रतीचे स्कॅनिंग करावे लागते आणि मुद्रितशोधन नव्याने सुरू होते.