कोमेजत्या फुलाचे छायाचित्र : रंग आणि छटा

पनवेलच्या खाडीकाठी आढळणाऱ्या परसपिंपळाचे फूल सकाळी पिवळे उमलते आणि दिवस कलता कलता तांबूस होऊन कोमेजते. एका दिवसाच्या या पालटाची छायाचित्रीय नोंद रंगीत असावी की कृष्णधवल, हा प्रश्न सामान्यतः अभिरुचीचा मानला जातो. वस्तुतः तो प्रथम पुराव्याचा प्रश्न आहे.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या एतद्देशीय छायाचित्रकारांपैकी होत. याच सुमारास फ्रान्समध्ये आदोल्फ ब्राऊन याने कापडावरील नक्षीकारांच्या उपयोगासाठी फुलांची सुमारे ३०० छायाचित्रे घेतली. परंतु त्या काळच्या ओल्या कलोडियनच्या काचा मुख्यतः निळ्या व जांभळ्या प्रकाशालाच संवेदनशील होत्या. पिवळा आणि तांबडा हे दोन्ही रंग त्यांवर काळसर उमटत. म्हणजे परसपिंपळाचे ताजे फूल कोणते आणि सुकत चाललेले कोणते, हे केवळ छटेवरून सांगणे अवघडच. खांदेश्वरच्या शिवमंदिरातील निर्माल्याचे छायाचित्र त्या काळी कोणी घेतले असते, तर निळी गोकर्ण पांढऱ्या धोतऱ्यासारखी फिकी दिसली असती! जुन्या चित्रांतील पांढऱ्या फुलाला पांढरे म्हणण्यापूर्वी संशोधकाने काचेचा प्रकार पाहावा, तो याकरिता.

१८७३ साली फोगेल याने रंजकद्रव्यांच्या योगे काचेची संवेदनशीलता हिरव्या-पिवळ्यापर्यंत वाढविता येते असे दाखविले. पुढे सर्व रंगांना संवेदनशील असलेल्या पॅनक्रोमॅटिक काचा आल्या, १९०७ मध्ये ल्युमिएर बंधूंची ऑटोक्रोम पद्धती बाजारात आली आणि १९३५ मध्ये कोडाक्रोम. तरीही कृष्णधवल पद्धती मागे पडली नाही. ब्लॅटर आणि मिलार्ड यांच्या भारतीय वृक्षांवरील ग्रंथात (१९३७) रंगीत चित्रे व कृष्णधवल छायाचित्रे शेजारी शेजारी नांदतात. हे निव्वळ काटकसरीने झाले असे म्हणवत नाही. पाकळीवरील सुरकुती, उठून आलेल्या शिरा, कडांचे आत वळणे, ही कोमेजण्याची आकारगत लक्षणे रंगाच्या अभावी अधिक स्पष्ट दिसतात. रंग असला की दृष्टी प्रथम त्याच्याकडेच जाते.

मात्र खरी अडचण निराळीच आहे. नीट धुतलेली चांदीची कृष्णधवल प्रतिमा दीर्घकाळ टिकते. रंगीत कागदावरील प्रतिमा रंजकद्रव्यांची असल्याने, विशेषतः १९६० व १९७० च्या दशकांतील पुष्कळ प्रतींत, ती स्वतःच विटते. अशा प्रतीतील गुलाबाचा तपकिरी रंग फुलाचा की कागदाचा? चित्रात रंगपट्टी ठेवलेली नसल्यास निदान शेजारचे पान किंवा पांढरे वस्त्र पाहावे. तेही त्याच दिशेने रंगले असेल, तर विटली आहे ती प्रत. फुलाविषयी त्यावरून काही अनुमान काढता येत नाही.